कपाटातलं मृत्युपत्र आणि बाहेरची सतरा वर्षं

सप्टेंबर २०२३. कोथरूडमधल्या एका सोसायटीत पुनर्विकासानंतर नव्या फ्लॅटच्या किल्ल्या दिल्या जात होत्या. किल्लीसोबत सेक्रेटरी प्रत्येकाला नामनिर्देशनाचा कोरा फॉर्म देत होते आणि त्या सभासदाने पूर्वी भरलेला जुना फॉर्मही दप्तरातून काढून दाखवत होते. ब्याऐंशी वर्षांच्या एका सभासदांच्या हातात १९८८ सालचा पिवळा पडलेला कागद आला. अक्षर त्यांचंच. नॉमिनीच्या रकान्यात त्यांच्या आईचं नाव. फ्लॅटच्या बुकिंगला पैसे कमी पडले तेव्हा आईने पाटल्या मोडून दिल्या होत्या, म्हणून तिचं नाव लिहिलं होतं. आईला जाऊन सत्तावीस वर्षं झाली होती.

त्याच आठवड्यात ते काका काकूंना घेऊन माझ्या वकिलीच्या ऑफिसात आले. हातात तो फॉर्म आणि एक प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत त्यांचं मृत्युपत्र होतं, १२ जून २००६ चं, हवेलीच्या दुय्यम निबंधक कार्यालयात रीतसर नोंदवलेलं. ते मृत्युपत्र मीच टाइप केलं होतं. सनद घेऊन मला वर्षही झालं नव्हतं. माझे सीनियर सांगत होते आणि मी टाइप करत होते. नोंदणी झाली, फी मिळाली, फाइल बंद झाली. त्यानंतर सतरा वर्षांत आमच्या ऑफिसातून त्या घरी एकदाही फोन गेला नाही, की "काका, घरात काही बदललंय का?" याची खंत मला आजही आहे, आणि हे प्रकरण सविस्तर लिहिण्यामागे तीच आहे. कुटुंबाने परवानगी दिली आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत.

२००६ मध्ये काय लिहिलं होतं

काका पाटबंधारे खात्यातून १९९९ साली निवृत्त झालेले इंजिनिअर. तीन मुलं. थोरला पुण्यातच वेगळा राहणारा, मुलगी लग्न होऊन अमेरिकेत, धाकटा आई-वडिलांबरोबर. सगळी मिळकत स्वकष्टार्जित, म्हणजे कोणाला काय द्यायचं हे ठरवायचा पूर्ण अधिकार काकांचा. (गोव्यातल्या वाचकांनी इथे थांबावं, तिथल्या कायद्यात मुलांसाठी अर्धी मिळकत राखीव असते, मृत्युपत्राने फक्त उरलेली अर्धी देता येते.)

मृत्युपत्राची सुरुवात नेहमीची: राजीखुशीने, अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता. पुढे कलमं. पहिल्या मजल्यावरची सदनिका क्रमांक ७ धाकट्याला, त्यात पत्नीला तहहयात राहण्याचा हक्क. सातारा जिल्ह्यातली, १९८३ साली खरेदी केलेली सव्वादोन एकर जमीन थोरल्याला. पावती क्रमांक लिहून दिलेल्या सहा लाखांच्या मुदत ठेवी मुलीला. "घरातील सर्व सोन्याचे दागिने" पत्नीला. अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, काकांचे एक मित्र, वयाने त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठे. साक्षीदार दोन: फॅमिली डॉक्टर आणि शेजारी.

हे वाटप डोळे मिटून केलेलं नव्हतं. काकांनी एका कॅलेंडरच्या पानामागे हिशेब मांडला होता, तो त्यांनी अजून जपून ठेवलाय. फ्लॅट १८ लाख. जमीन ९ लाख, पण थोरल्याला २००२ मध्ये घर घेताना ५ लाख दिलेले, ते धरून १४. मुलीचं लग्न आणि ठेवी धरून साधारण तेवढेच. धाकट्याला थोडं जास्त, कारण म्हातारपणी तोच बघणार. मला विचाराल तर २००६ मधलं हे मृत्युपत्र चांगलं होतं. त्यात चूक एवढीच, की "बाकी जे काही निघेल ते कोणाचं" हे कलम नव्हतं.

शिसपेन्सिलीची नोंद

काकांनी पिशवीतून कागद काढला तेव्हा तिसऱ्या पानाकडे माझी नजर गेली. थोरल्याच्या नावाशेजारी, समासात, शिसपेन्सिलीने एक नाव लिहिलेलं होतं. ड्रॉइंगवर लिहितात तसं सुटं, सरळ अक्षर. नातीचं नाव.

थोरला २०१८ मध्ये हार्ट अटॅकने गेला, सेहेचाळिसाव्या वर्षी. मागे बायको आणि अकरा वर्षांची मुलगी. ही नात २००७ सालची. मृत्युपत्र झालं तेव्हा ती जन्मालाही आली नव्हती. तेराव्यानंतर काकांनी मृत्युपत्र काढलं, पण मुलाच्या नावावर काट मारायला हात झाला नाही. म्हणून शेजारी पेन्सिलीने नातीचं नाव लिहिलं आणि कागद परत कपाटात ठेवला. पाच वर्षं ते समजत होते की सोय झाली.

भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ७१ प्रमाणे सही झालेल्या मृत्युपत्रात नंतर केलेली खाडाखोड किंवा वाढवलेला मजकूर तोपर्यंत शून्य असतो, जोपर्यंत त्या बदलाजवळ मृत्युपत्र करणाऱ्याची आणि पुन्हा दोन साक्षीदारांची सही होत नाही. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. काकूंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

सतरा वर्षांत काय काय हललं

त्या दिवशी आम्ही एक कोरा कागद घेतला आणि २००६ पासून एकेक वर्ष मोजत आलो. ज्यांना हे काम करायचंय त्यांनी असंच करावं: मिळकतीपासून सुरुवात करू नये, घरातल्या घडामोडींपासून करावी. माणसाला बँकेच्या पावत्यांच्या तारखा आठवत नाहीत, बारशी आणि मयतं आठवतात. बाकीचं त्यांना धरून आठवतं.

२००९ मध्ये मुलीच्या नावाने लिहिलेल्या ठेवींची मुदत संपली. जास्त व्याज मिळतं म्हणून काकांनी ते पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत टाकले. २०११ मध्ये एक्झिक्युटर मित्र गेले. २०१४ मध्ये महामार्गाच्या रुंदीकरणात जमिनीतले २४ गुंठे गेले. ३१ लाख मोबदला आला, तो म्युच्युअल फंडात गुंतवला. २०१५ मध्ये मुलगी अमेरिकन नागरिक झाली. २०१८ मध्ये थोरला गेला. २०१९ मध्ये सोसायटीने बिल्डरशी करार केला, जुनी इमारत पाडली, मध्ये कोविड आला. या काळात साक्षीदार डॉक्टर वारले आणि दुसरे साक्षीदार मुलाकडे नाशिकला गेले. त्यांना आता माणसं ओळखू येत नाहीत. २०२३ मध्ये नवा फ्लॅट मिळाला, सातव्या मजल्यावर, क्रमांक ७०२. त्यातलं ११० चौरस फूट जास्तीचं क्षेत्र धाकट्याने स्वतःचे १३ लाख भरून घेतलं, म्हणून नव्या करारात बापलेक दोघांची नावं आली.

सात कलमांपैकी पाच कलमांखालची जमीन सरकली होती. आणि त्यातली एकही गोष्ट कोणी लपवून किंवा चुकून केलेली नव्हती. संसार चालला होता, इतकंच.

त्या दिवशी काका गेले असते तर

हा प्रश्न समोर बसलेल्या माणसाला विचारायला जड जातो, पण काकांनीच तो विचारला. "समजा मी आज रात्री गेलो. पुढे?"

फ्लॅटपासून सुरू केलं. मृत्युपत्रात "पहिल्या मजल्यावरील सदनिका क्रमांक ७" दिली आहे, आणि ती सदनिका आता जगात नाही. त्याच १९२५ च्या कायद्याचं कलम १५२ सांगतं, की जी विशिष्ट वस्तू देऊ केली ती मृत्यूच्या वेळी करणाऱ्याच्या मालकीची नसेल किंवा तिचं वेगळ्याच प्रकारच्या मिळकतीत रूपांतर झालं असेल, तर ते देणं संपतं. नवा फ्लॅट म्हणजे जुन्याचंच बदललेलं रूप, असं धाकट्याचा वकील म्हणेल. नाही, ही वेगळी मिळकत, वेगळा करार, त्यात वेगळा भागीदार, असं समोरचा म्हणेल. दोन्ही बाजूंनी बोलता येतं, आणि जिथे दोन्ही बाजूंनी बोलता येतं तिथे दिवाणी दावा उभा राहतो. ते कलम पडलं तर काकांचा हिस्सा वारसाहक्काने जाणार: पत्नी, धाकटा, मुलगी आणि गेलेल्या थोरल्याची शाखा, असे चार समान भाग. सून आणि नात मिळून एक भाग.

आणि काकूंचा तहहयात राहण्याचा हक्क त्याच कलमात होता. ते कलम गेलं की तोही गेला. चौथा हिस्सा मिळाला असता, पण हिस्सा मिळणं वेगळं आणि आपल्या घरातून कोणी हलवू शकणार नाही ही खात्री वेगळी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या काकूंना त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं, की त्यांचं छप्पर एका सदनिका क्रमांकावर टांगलेलं होतं.

जमिनीचं उत्तर आणखी गुंतागुंतीचं. ज्याला दिलं तो आधी वारला, तर सर्वसाधारणपणे ते देणं गळतं. पण तो आपलाच मुलगा असेल आणि त्याचं मूल हयात असेल, तर कलम १०९ ते देणं वाचवतं; जणू मुलगा बापानंतर लगेच वारला असं धरलं जातं. ऐकायला बरं वाटतं. परिणाम असा, की जमीन आधी थोरल्याच्या नावे आली असं मानायचं आणि मग त्याच्या वारसांत वाटायची. त्याने मृत्युपत्र केलं नव्हतं. हिंदू उत्तराधिकार कायद्यात पुरुषाची आई ही पहिल्या वर्गातली वारस असते. म्हणजे बायको, मुलगी आणि आई, प्रत्येकी एक तृतीयांश. काकांना पेन्सिलीने नात हवी होती. कायद्याने नात तीन नावांतली एक झाली असती.

काकूंना हे नवीन नव्हतं. थोरला गेल्यावर त्याच्या स्वतःच्या फ्लॅटवरही असंच वारस म्हणून त्यांचं नाव लागलं होतं, आणि त्यांनी सून-नातीच्या नावे हक्कसोडपत्र करून दिलं होतं. "त्या वेळी सही करताना हात कापत होता हो," त्या म्हणाल्या. "पैशासाठी नाही. पोराच्या घरावर आपलं नाव बघून."

मुलीसाठी लिहिलेल्या ठेवी संपलेल्या; मृत्युपत्राने तिला काहीच नाही. मोबदल्याचे पैसे, बचत योजना, नंतरच्या ठेवी मिळून साधारण ६५ लाख, त्यांचा कागदात उल्लेखच नाही. तेही वारसाहक्काने चार भागांत. एक्झिक्युटर नाही. मृत्युपत्र शाबीत करायला निदान एक साक्षीदार लागतो. इथे एक गेलेला, दुसऱ्याला स्वतःचं नाव आठवत नाही. नोंदणी झालेली असली तरी शाबिती चुकत नाही, हे फार लोकांना माहीत नसतं. साक्षीदार नसले तरी सह्या-अक्षर सिद्ध करून मार्ग निघतो, पण तो लांबचा मार्ग.

एक गोष्ट मात्र कुठल्याच कलमाने बिघडवली नव्हती आणि तरी बिघडली होती: काकांचा समतोल. कॅलेंडरमागचा १८ लाखांचा फ्लॅट आता दीड कोटीच्या पुढे गेला होता. जमीन कमी झाली होती. सगळी कलमं जशीच्या तशी लागू झाली असती, तरी थोरल्याच्या घराला मिळालं असतं ते काकांनी मनाशी ठरवलेलं नव्हतंच. कायद्याच्या चुका वकील दाखवू शकतो. हा फरक फक्त करणाऱ्यालाच दिसू शकतो, आणि तोही कागद पुन्हा उघडला तर.

नॉमिनी

बँकेच्या ठेवींवर नॉमिनी थोरला. म्युच्युअल फंडावर कोणीच नाही. सोसायटीत आई. बचत योजना काकूंबरोबर संयुक्त, तेवढी एक जागा नीट होती.

काकांची समजूत बहुतेकांची असते तीच होती: नॉमिनी म्हणजे मालक. तसं नाही. नॉमिनी म्हणजे संस्था ज्याच्या हाती देऊन मोकळी होते तो. त्याने ते खऱ्या वारसांपर्यंत पोचवायचं. विम्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने हे १९८३ मध्ये सरबती देवी प्रकरणात सांगितलं होतं (२०१५ च्या दुरुस्तीनंतर विम्यात आई-वडील, पती-पत्नी, मुलं यांच्यापुरतं चित्र बदललं). शेअर्सबाबत शक्ती येझदानी प्रकरणात हेच ठरलं, १४ डिसेंबर २०२३ ला. म्हणजे आमचा मसुदा टेबलावर असतानाच. गृहनिर्माण संस्थांच्या २०१९ च्या तरतुदींत तर नॉमिनीला वारस ठरेपर्यंत "तात्पुरता सभासद" असाच शब्द आहे.

मग नॉमिनी कशाला, असं धाकट्याने विचारलं. कारण नॉमिनी नसला की पैसा कोणाचा हे ठरलेलं असूनही तो हातात यायला कागदांची रांग लागते, आणि घरात दुःख असताना ती रांग फार मोठी वाटते. मृत्युपत्र एक सांगतंय आणि नॉमिनीचा फॉर्म दुसरं, असं झालं की भावंडांत संशय शिरतो. दोन्हींवर एकच नाव असावं, एवढा सरळ नियम मी धरते.

तीन बैठका

मसुद्याला वेळ लागला नाही. घरातल्या बोलण्याला लागला, आणि तेच या प्रकरणाचं खरं काम होतं.

धाकट्याने पहिल्या बैठकीत खाली मान घालून सांगितलं, "बाबा, जास्तीच्या जागेचे पैसे मी भरलेत. वहिनीला वाटायला नको की मी सगळंच घेतोय." त्याच्या एका मित्राने सुचवलं होतं, की राहता फ्लॅट आत्ताच बक्षीसपत्राने नावावर करून घे, मुलाला द्यायचा तर मुद्रांक शुल्क दोनशे रुपये, वर स्थानिक अधिभार. मी विरोध केला. मुलगा चांगलाच होता, तरीही. बक्षीसपत्र झालं की मालकी त्याच क्षणी जाते. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यात देखभालीची अट मोडल्यास ते रद्द करून घ्यायची वाट आहे, पण त्या वाटेवर कोणाही आई-बापाला चालावं लागू नये. मृत्युपत्र शेवटच्या श्वासापर्यंत बदलता येतं. म्हातारपणी हातात एवढी एक मुभा राहिलीच पाहिजे.

दुसऱ्या बैठकीत मुलगी व्हिडिओ कॉलवर होती. ती म्हणाली, "मला काही नको, तिकडेच द्या सगळं." प्रत्येक घरातली मुलगी हे म्हणते, आणि प्रत्येक घरात ते लगेच उचलून धरलं जातं. मी काकांना सांगितलं: ती नको म्हणाली म्हणून तुम्ही द्यायचं थांबवू नका. तुम्हाला काय वाटतं ते लिहा. नंतर तिला सोडायचं असेल तर हक्कसोडपत्राने सोडेल. काका म्हणाले, "तीही माझंच पोर आहे." जमिनीचा प्रश्न तिथेच मिटला: परदेशी नागरिक झालेल्या मुलीला शेतजमीन वारशाने मिळू शकते, पण विकत किंवा बक्षीस घेता येत नाही, आणि कसायची कोणी? तिला पैशातला हिस्सा ठरला.

तिसऱ्या बैठकीत एक नातेवाईक स्वतःहून आले. त्यांचा मुद्दा एकच: सून अजून चाळिशीत आहे, उद्या लग्न केलं तर? सून तिथेच बसली होती. विधवा सुनेच्या पुनर्विवाहाने हक्क जाण्याचं जुनं कलम २००५ मध्येच रद्द झालंय, हे मी सांगायला तोंड उघडलं, पण काकांनी थांबवलं. "तिनं लग्न केलं तर अक्षता टाकायला मी पुढे असेन. आणि नातीचं जे आहे ते नातीचंच राहील." ते नातेवाईक चहा न घेता गेले.

नवा कागद

पुरवणी मृत्युपत्र करून भागलं असतं का? एखादं नाव, एखादा एक्झिक्युटर बदलायचा असेल तर पुरवणी पुरते. इथे जुना कागद आणि पुरवणी शेजारी ठेवून कलमागणिक ताळा करावा लागला असता. आम्ही नवीन केलं, आणि पहिल्याच परिच्छेदात जुनं मृत्युपत्र तारीख आणि नोंदणी क्रमांकासह रद्द केल्याचं लिहिलं.

मुख्य बदल लिहिण्याच्या पद्धतीत होता. फ्लॅटचं वर्णन क्रमांकाने केलं, पण पुढे जोडलं: "किंवा त्याच्या बदल्यात मला मिळणारी कोणतीही जागा, रक्कम अथवा हक्क". काकूंचा राहण्याचा हक्क स्वतंत्र कलमात काढला, त्यालाही हीच शेपटी. धाकट्याने भरलेले १३ लाख आणि ते क्षेत्र त्याचं स्वतःचं आहे, हे काकांच्या तोंडून स्पष्ट लिहून घेतलं. उरलेली ६६ गुंठे जमीन नातीला, भविष्यात त्यातली काही संपादित झाली तर तो मोबदलाही तिलाच. पैशांच्या बाबतीत एकाही खात्याचा क्रमांक घातला नाही: "माझ्या मृत्यूच्या वेळी माझ्या नावे असलेल्या सर्व ठेवी व गुंतवणुका" यांचे ४० टक्के पत्नीला, ३० नातीला, ३० मुलीला. बाकी जे काही निघेल ते याच प्रमाणात.

प्रत्येक नावापुढे "ती व्यक्ती माझ्या आधी वारल्यास" हे वाक्य आलं. हे वाक्य लिहिताना काका थांबले. एकदा पोरगा गेलेल्या बापाला नातीच्या नावापुढे ते लिहायला लावणं क्रूर वाटतं. पण ते लिहिलं. नातीच्या जागी तिची आई.

नात पंचवीस वर्षांची होईपर्यंत तिच्या हिश्शाची देखभाल तिच्या आईकडे. एक्झिक्युटर काकांचा भाचा, सीए, अठ्ठेचाळीस वर्षांचा. तो नसल्यास सून. साक्षीदार दोघेही पन्नाशीच्या आतले आणि ज्यांना मृत्युपत्रातून काही मिळणार नाही असे. त्यातले एक डॉक्टर, त्यांनी त्याच दिवशी तपासून काकांची मानसिक स्थिती उत्तम असल्याचा दाखला दिला.

जानेवारी २०२४ मध्ये सह्या आणि नोंदणी झाली. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. या वयात मी ती करायला लावते, एवढंच. खर्च झाला तो वकिलाचा आणि रिक्षाचा.

नोव्हेंबर

सगळं झाल्यावर मी काकांना विचारलं, हे परत कपाटात सतरा वर्षं राहू नये म्हणून काय करायचं? उत्तर त्यांच्याकडे तयार होतं. धरणाच्या कामावर प्रत्येक ड्रॉइंगच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक तक्ता असायचा: रिव्हिजन क्रमांक, तारीख, काय बदललं, सही. नवं ड्रॉइंग आलं की जुन्यावर "सुपरसीडेड"चा शिक्का. "जुन्या ड्रॉइंगवर काम केलं तर भिंत चुकीच्या जागी उभी राहते," ते म्हणाले. "मी आयुष्यभर हे पोरांना शिकवलं आणि घरातलं ड्रॉइंग तसंच ठेवलं."

फाइलच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूला त्यांनी पट्टीने तक्ता आखला. रिव्हिजन ०, २००६. रिव्हिजन १, २०२४. आणि तारीखही त्यांनीच ठरवली: पेन्शनसाठी दरवर्षी नोव्हेंबरमध्ये बँकेत हयातीचा दाखला द्यायला जावंच लागतं. तिथून घरी आलं की चहा, आणि चहानंतर फाइल. आपण आहोत हे बँकेला सांगून आलो, आता नसू तेव्हाचं बघायचं.

नोव्हेंबर २०२४ मध्ये बदल काहीच नव्हता. त्यांनी तक्त्यात "बदल नाही" असं लिहून सही केली. मला तो फोटो त्यांनी पाठवला तेव्हा बरं वाटलं. "बघितलं आणि बदल नाही" ही नोंद मृत्युपत्राइतकीच मोलाची आहे, कारण उद्या कोणी म्हणालं की म्हाताऱ्याला आठवतच नव्हतं काय लिहिलंय, तर हे उत्तर आहे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये मात्र काम निघालं. नात मार्चमध्ये अठरा वर्षांची झाली होती. ती अल्पवयीन असताना भरलेल्या नॉमिनीच्या फॉर्ममध्ये तिच्या वतीने रक्कम घेणारी म्हणून तिच्या आईचं नाव होतं, ते आता काढायचं. आणि त्याच महिन्याच्या १ तारखेपासून बँक ठेवींवर चारपर्यंत नॉमिनी टक्केवारीसह नेमायची सोय झाली होती. काकांच्या ४०-३०-३० ला हे तंतोतंत बसणारं. ते दाखला द्यायला गेले ते नवा फॉर्म घेऊनच परतले. या वेळी मीही त्यांच्या घरी गेले होते. सातव्या मजल्यावरच्या बाल्कनीत टेबल मांडलेलं, शेजारी नात. काकांचा हात आता कापतो, म्हणून रकाने तिने भरले आणि सही त्यांनी केली.

फाइल मिटताना काकू म्हणाल्या, "माझं काय?"

२००६ च्या मृत्युपत्रात त्यांना "घरातील सर्व सोन्याचे दागिने" दिले होते. ते दागिने स्त्रीधन, म्हणजे आधीपासून त्यांचेच. काकांना ते द्यायचा अधिकारच नव्हता. नव्या मृत्युपत्रात ते कलम आम्ही काढून टाकलं होतं, पण पुढचा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, मीसुद्धा नाही. काकूंच्या नावे माहेरच्या पैशांची ठेव होती, दागिने होते, आणि काकांमागे चाळीस टक्के येणार होते. कागद एकही नव्हता.

त्या आत गेल्या आणि एक डबी घेऊन आल्या. काकांनी १९९२ मध्ये आईसाठी पुन्हा पाटल्या घडवल्या होत्या. आईने जाण्याआधी त्या काकूंच्या हातात घातल्या.

"या थोरल्या सुनेला," काकू म्हणाल्या. "बाकीचं सांगते, लिहून घ्या."

काकांनी नवीन फाइल मागवली, पुठ्ठ्याच्या आत पट्टी ठेवली आणि नातीकडून तक्ता आखून घेतला. पहिल्या ओळीत तिने लिहिलं: रिव्हिजन ०.